खेकड्याचे डोले

छापखान्यातल्या काकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते उलटं वाचत होते. जव्हारच्या बाजारात त्यांचं एका खोलीचं दुकान आहे. दारात लग्नपत्रिकांचे नमुने दोरीला लावलेले, टेबलावर कॉम्प्युटर, आणि मागे भिंतीला टेकून पायाने चालवायचं जुनं ट्रेडल मशीन. ते आता फक्त पावतीपुस्तकांवर नाव-नंबर टाकायला उरलं होतं. काकांनी शिशाचे खिळे ओळीत लावले होते, खिळ्यांवरची अक्षरं आरशात दिसावीत तशी उलटी, आणि हे गृहस्थ ती ओळ पेपर वाचावा तशी भराभर वाचत होते. मुलांना सुलटं वाचायला शिकवता शिकवता माझा घसा बसलेला. मी तिथेच उभी राहिले, शाळेचे दाखले छापायला आले होते हे विसरूनच गेले.

मी शाळामास्तरीण. मूळची घाटावरची. मोखाड्याहून पोशेऱ्याच्या बाजूला जीपने जायचं आणि पुढे अर्धा तास चालायचं, अशा एका पाड्यावर माझी शाळा. शुद्धलेखन हा माझा जुना आजार आहे. जीपच्या मागे ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला दिसला तरी माझं डोकं फिरतं. लाल पेन पर्समध्ये नसलं तर मला घराबाहेर पडल्यासारखं वाटत नाही.

त्या वर्षी दुसरीत एक मुलगी होती. वर्गात तिने माझ्याशी एक शब्द बोललेला मला आठवत नाही. पुस्तक उघडलं की ती आपल्या गुडघ्यांकडे बघत बसे. पण मधल्या सुट्टीत खिचडी शिजवणाऱ्या मावशींच्या चुलीपाशी तीच मुलगी अशी काही बडबडायची की मावशी म्हणायच्या, "आगे, जरा दम घे!" दिवाळी झाली की तिचं घर वीटभट्टीवर जाणार होतं. कामासाठी बाहेर जाण्याला इकडे ‘जगायला जाणं’ म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी व्याकरण शोधत बसले होते, आता तो शब्द कानावर आला की मी हजेरीपटातली नावं मोजू लागते. वाचता न येता जगायला गेलेलं मूल पावसाच्या तोंडावर परत येतं, पण शाळेत येत नाही, शेळ्यांमागे जातं. हे मी तीनदा पाहिलं होतं. चौथ्यांदा बघायची माझी तयारी नव्हती.

चुलीपाशी ती ज्या गोष्टीवर सगळ्यात जास्त हसायची ती खेकड्याची. खेकड्याचे डोळे पूर्वी आत होते. पाऊस संपला की नाही ते बघायला तो बिळातून इतका वाकून वाकून बघे, की एकदा डोळे बाहेर आले ते आलेच. बस्स, एवढीच. पण मावशी ती डोळे वटारून सांगत आणि सगळी शाळा पोट धरून हसे. मला वाटलं, हीच छापावी. आठ पानांचं, मोठ्या अक्षरांचं पुस्तक. आपल्या घरातली गोष्ट पुस्तकात दिसली तर पोरगी गुडघ्यांवरून नजर काढेल.

मावशींनी सांगितली तशी मी गोष्ट उतरवून घेतली आणि संध्याकाळी लाल पेन घेऊन बसले. इकडच्या बोलीत ‘ळ’ नाही, सगळीकडे ‘ल’. मावशींची गोष्ट ‘खेकड्याचे डोले’. आता डोले म्हणजे व्यायामशाळेत जाऊन फुगवतात ते दंड! आणि खेकडा पळतो कुठे, तर ‘बिलात’. विजेच्या का? मी एकटीच हसले आणि एकूण एक ‘ल’चा ‘ळ’ केला. सुवाच्य अक्षरात प्रत काढून जव्हारला नेऊन दिली.

काकांनी ती उभ्याने वाचली. ते स्वतः याच डोंगरातले.

"बाई, ही गोष्ट कोन सांगतं?"

"आमच्या शाळेच्या मावशी."

"त्या ‘डोळे’ बोलतात?"

मी चिडले. "काका, छापलेलं कायमचं राहतं. चुकीचं कशाला छापायचं?"

"कायमचं राहातं, म्हनून तं इचारतो," ते म्हणाले. मग वाद न घालता कॉम्प्युटरशी बसले, दोन बोटांनी टकटक करत एकच पान दोन प्रकारांनी काढलं आणि दोन्ही कागद माझ्या हातात दिले. "एक तुमचा, एक आमचा. पोरांना दाखवा. मंग सांगा कनचा छापू."

जीपमध्ये मी तोंड फुगवून बसले होते. मला शुद्धलेखन शिकवतात म्हणजे काय! दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम आधी माझा कागद त्या मुलीपुढे ठेवला. ती ‘डो’ म्हणाली, ‘ळ’वर येऊन अडली आणि नजर पुन्हा गुडघ्यांवर. मग मी दुसरा कागद ठेवला. तिचं बोट सरकलं. "डो... ले." ती थांबली. माझ्याकडे संशयाने बघितलं, जणू मी तिच्या घरात शिरून काहीतरी उचलून आणलं होतं. मग तिने बोट परत पहिल्या अक्षरावर नेलं आणि सबंध ओळ वाचली, मावशींच्या सुरात, डोळे वटारून. मागून मावशी पळी हातात घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ही तं माझीच गोष्ट!" मला शरमही वाटली आणि आनंदही झाला, दोन्ही एकदमच.

दिवाळीला चार दिवस उरले होते. मी जव्हारला धावले तर परतीच्या पावसात तारा तुटून गावातली वीज गेलेली, कधी येईल कुणालाच ठाऊक नाही. कॉम्प्युटर ठप्प. मला रडू यायचंच बाकी होतं. काकांनी माझ्याकडे पाहिलं, कपाटाखालून धुळीने माखलेले लाकडी खण ओढले आणि म्हणाले, "पायाला वीज लागत नाय."

त्या दोन दिवसांत मी जे पाहिलं त्याचं नवल अजून ओसरलेलं नाही. अक्षर म्हणजे हातात धरता येणारी, वजन असलेली वस्तू. काका डाव्या हातातल्या पट्टीत एकेक खिळा लावत, उजवा हात न बघता बरोबर त्याच कप्प्यात जाई. मला त्यांनी खिळे शोधून द्यायच्या कामाला लावलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी दुसरीतल्या मुलासारखी अक्षर लावून लावून वाचू लागले. उलटा ‘प’ ओळखताना मला घाम फुटला. माझ्या वर्गातल्या पोरांना रोज काय होत असेल ते तेव्हा कळलं.

हात चालू ठेवून काका बोलत. डोंगरात छापील कागद आला तो हुकूम घेऊन आला, ते सांगत. नोटीस, समन्स. वाचणारा बाहेरचा, ऐकणारे आपले. "आपली छपाई तेवडीच," त्यांनी शाईने काळा झालेला अंगठा दाखवला. "येक ठसा, आनि जमीन गेली." मग लग्नपत्रिका आल्या. माणसं डोंगर उतरून पत्रिका न्यायला येत आणि आपलं नाव कुठे आहे ते बोटाने दाखवायला सांगत. वाचता येत नसे, पण त्या जागेवरून हात फिरवून बघत. एक म्हातारी तर तयार पत्रिकेवर आपलं नाव दाखवल्यावर दुकानाच्या पायरीवर बराच वेळ नुसती बसून राहिली होती. दुकान का बंद केलं नाही, हे मग मला काकांना विचारावं लागलं नाही.

अडचण आली ती ‘ल’ची. जुना संच, बरेच खिळे झिजलेले, काही हरवलेले. मावशींच्या गोष्टीत तर ओळीओळीला ‘ल’. दोन पानं लावायची, छापायची, खिळे सोडवून धुवायचे, पुन्हा तेच पुढच्या पानांना. ‘ळ’चा कप्पा मात्र भरलेला, मी खोडून खोडून घातलेले सगळे जणू तिथे आरामात बसले होते. शेवटच्या पानावर खेकडा पळत सुटतो: ‘पलाला, पलाला, पलाला, बिलात गेला.’ तिथे एक ‘ल’ कमी पडला. आम्ही खण उपडे केले, जमीन झाडली. नाहीच.

"येक तुमचा चालवू का, बाई?" काका हसून म्हणाले.

शेवटच्या ओळीत ‘बिळात’ लागलं. म्हटलं, कोण बघतंय. काकांनी ट्रेडलवर पाय दिला आणि खटक-खटक करत तीस पानं बाहेर आली, ओल्या शाईची. प्रत्येक पानामागे कागद किंचित उठलेला, बोटाला अक्षर लागत होतं.

दिवाळीनंतर पाड्यावर ट्रक आला. भांडी, कोंबड्या, माणसं चढली. ती मुलगी आईच्या मांडीवर होती आणि पुस्तक तिच्या फ्रॉकच्या आत खोचलेलं होतं. मला बघून तिने हात केला नाही. मी आपली ट्रक वळेपर्यंत उभी.

पाच-सहा महिने गेले. मावशींपाशी मी तिची चौकशी करायचं सोडून दिलं होतं, त्यांनाही तेवढंच ठाऊक होतं जेवढं मला. पावसाच्या आधी घरं परत येऊ लागली. शाळा उघडली त्या दिवशी मी हजेरी घेताना तिचं नाव घेतलं नाही, उगाच ‘नाय आली’ हे ऐकावं लागेल म्हणून. मान वर केली तर ती दारात उभी. उंच झालेली, केस विटकरी धुळीने राठ.

तिने पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं. कव्हर गेलेलं, कोपरे दुमडलेले, पानांवर मातीच्या बोटांचे ठसे. शेवटचं पान उघडून तिने त्यावर बोट ठेवलं. ‘बिळात’मधल्या ‘ळ’वर विटेच्या तुकड्याने लाल काट मारलेली होती, मी वह्यांत मारते तशी, आणि वर वाकडातिकडा, मोठा ‘ल’ काढलेला होता.

"बाई," ती म्हणाली, माझ्याशी बोललेलं तिचं हे पहिलंच वाक्य, "हितं तुमचा चुकला."