सुमतीकाकूंनी वाचलेली चिठ्ठी

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. पाळकसाहेबांना नाही, माहेरी नाही. प्रार्थनेत बोलले, पण तेही आडून आडून — एका बाईच्या हातून असं असं झालं, प्रभू, तिला क्षमा कर. एका बाईच्या! देवालासुद्धा नाव न घालता सांगते मी. तुम्ही आमच्या चर्चच्या मंडळीतले नाही, म्हणून तुमच्यापुढं तोंड उघडतंय.

मी जुन्नरला राहते, घरीच ब्लाउज शिवते. आमचे हे, दानिएल, ट्रॅक्टरच्या गॅरेजात मेकॅनिक. आणि मी संशयी बाई. आधीच सांगून टाकते. भाजीवाल्यानं मेथीची जुडी हातात दिली तर मी ती सोडून आतून बघते, तशीच माणसंही बघते.

दोन वर्षांपूर्वी पाळकसाहेबांनी सगळ्या नवरा-बायकोंना कागद वाटले. आत्मिक वाढीचा आराखडा. वर्षभरात प्रभूमध्ये कशात वाढायचं, त्याच्या पाच ओळी लिहायच्या. दर शनिवारी एकमेकांचा कागद बघायचा आणि सही करायची. ह्यांनी चार ओळी भरल्या — रोज एक अध्याय, राग आवरणं, तंबाखू बंद, सकाळची प्रार्थना दोघांनी मिळून. पाचवी कोरी ठेवली. विचारलं तर म्हणाले, "ती माझी आन् प्रभूची."

प्रभूची? आणि मग मी कोण?

त्याच आठवड्यापासून ह्यांचे शुक्रवार सुरू झाले. शुक्रवारी गॅरेज बंद असतं. उपास आहे, एकांतात प्रार्थनेला जातो म्हणायचे, धुतलेला शर्ट घालायचे आणि संध्याकाळी परत यायचे. हाताला साबणाचा वास. आमच्या घरातला नव्हे, दुसराच, गोडसर. उपासाला गेलेला माणूस असा वास घेऊन येतो का हो? मी खिसे उलटे केले. कळंबचं एसटीचं तिकीट निघालं. मोबाइल बघितला, त्यात काही नव्हतं — म्हणजे पुसलं असणार, असं मी धरून चालले. शनिवारी मात्र मी त्यांच्या कागदावर हसून सही करत होते.

आमच्या बायकांची प्रार्थना बुधवारी असते. जी विनंती तोंडानं सांगवत नाही ती चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायची, नाव घालायचं नाही. सुमतीकाकू, आमच्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या, त्या चिठ्ठ्या मोठ्यानं वाचतात आणि बाकीच्या त्यासाठी प्रार्थना करतात. मी एक चिठ्ठी लिहिली. डाव्या हातानं. 'मंडळीतला एक भाऊ दर शुक्रवारी उपास सांगून परस्त्रीकडे जातो. त्याच्यासाठी प्रार्थना करा.'

परस्त्री मी पाहिली होती? कुठंच नाही. कुणीतरी ह्यांना दटावावं आणि मी नामानिराळी राहावं, एवढंच डोक्यात होतं. काकू वाचता वाचता मध्येच थांबल्या, मग शेवटपर्यंत वाचलं. बायकांनी डोळे मिटले. दर शुक्रवारी उपास करणारा भाऊ आमच्या मंडळीत एकच होता.

पुढच्या शुक्रवारी मी ह्यांच्या मागच्या गाडीनं निघाले. कळंबला उतरले, ह्यांची चौकशी करत करत महाळुंगे पडवळला गेले. तिथं माझे थोरले दीर राहतात, हे मला ठाऊक होतं. आम्ही बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांनी आम्हाला घराबाहेर काढलं होतं, मला नको नको ते बोलले होते. मी ह्यांना शपथ घातली होती — त्या उंबऱ्यावर पाय ठेवलात तर मी मेले समजा.

दिरांना लकवा झाला होता. ओट्यावर खुर्ची टाकून हे त्यांची दाढी करत होते. गालभर फेस, एका हातानं हनुवटी धरलेली. "हलू नका दादा, कापंल," म्हणत होते. ही ह्यांची पाचवी ओळ. आणि ती लपवावी लागली माझ्याच शपथेपायी. मी तशीच मागं फिरले.

इथवर संशय होता. संशय कुणालाही येतो, हो ना? पण आता तर मला सगळं कळलं होतं. बुधवारी उठून म्हणायचं होतं, चिठ्ठी माझी आणि ती खोटी. बुधवार आला, गेला. पाळकसाहेबांनी ह्यांना बोलावलं. शुक्रवारी कुठं जातोस, ते हे सांगेनात — सांगितलं तर माझ्या कानावर येईल ना! मग ह्यांचं उपासनेतलं वाचन बंद झालं. प्रभूभोजनाच्या भाकरीचं ताट फिरवणंही बंद. घरी आले, भिंतीला टेकून बसले. म्हणाले, "काकूंनीच लिव्हली असंल चिठ्ठी. प्रार्थनामंदिराच्या किल्लीवरनं आमचं वाजलं व्हतं न्हाई का?"

मी म्हणाले, "असंल."

लई सोपं गेलं हो ते. भाकरी उलटता उलटता मी म्हणाले. तेव्हापासून हे काकूंशी बोलेनासे झाले. गेल्या पावसाळ्यात दीर वारले. गॅरेजचं काम आहे असं मला सांगून हे एकटेच मातीला गेले, आणि मी दारात उभी राहून लवकर या म्हणाले. कधीकधी वाटतं, ह्यांना सगळं माहीत असेल. झोपलेल्या माणसाचा चेहरासुद्धा मी निरखत बसते.

गेल्या रविवारी, प्रभूभोजनाच्या आधी, मनात पाप लपवून ही भाकरी खाऊ नका असं पाळकसाहेबांनी नेहमीसारखं बजावलं, आणि हे अचानक उठले. बायकांच्या बाजूला काकूंच्या बाकापाशी गेले. सगळ्यांसमोर हात जोडले. "काकू, त्या चिठ्ठीचं मी मनातनं काढून टाकलंय. तुमाला माफ केलं."

काकूंनी मान वर केली. बघितलं ते माझ्याकडं. जन्मभर शाळेत पोरांच्या वह्या तपासलेली बाई ती. तिला डावा हात काय नि उजवा काय. आता बोलतील, आता बोलतील...

"बरं बाबा," काकू ह्यांना म्हणाल्या. "देव तुझं भलं करो."

मग ताट आमच्या रांगेत आलं. काकूंनी घेतलं आणि माझ्यापुढं धरलं. मी भाकरीचा तुकडा उचलला आणि खाल्ला.