शेजारी ठेवलेलं प्रस्थान

समोरच्या वहिनींच्या दारातून आत पाहिलं की त्यांच्या फडताळात माझा जुना रुमाल दिसतो. त्यात मूठभर तांदूळ आणि एक सुपारी बांधलेली आहे. रोमच्या विमानाचं तिकीट मिळालं ते नेमकं अमावास्येचं. आईने पंचांग पाहून आधीचा चांगला दिवस काढला आणि त्या दिवशी ही पुरचुंडी मला शेजारी नेऊन ठेवायला लावली. आमच्याकडे याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. पुरचुंडी घराबाहेर पडली की माणूस निघाला, असं धरायचं.

तेव्हापासून मी निघालेलाच आहे. दूध तापवतो, पिशवीत कागदपत्रं लावतो, एवढ्या लांबच्या प्रवासात पाय आखडू नयेत म्हणून मोबाईलवर कडेची जागा निवडतो. पण स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखं वाटतं. त्या जुन्या शहरात शतकानुशतकं माणसं येत राहिली. ती पोहोचली त्याच्या खुणा आपण पाहायला जातो. त्यांच्या मागे सुटलेली घरं मात्र कुठेच दिसत नाहीत.

काल आई काठी टेकत माझ्याबरोबर वहिनींकडे आली. तिच्या हातात जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली दुसरी पुरचुंडी होती.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"माझी. तू तिकडे असताना मलाच निघावं लागलं, तर दिवस कोण बघणार?"

वहिनींनी माझा रुमाल थोडा सरकवला आणि शेजारी जागा केली.