चौथ्या जिवाचे डोळे

अकरा फेब्रुवारी, सकाळचे दहा. जनावरांच्या दवाखान्यातल्या मागच्या खोलीत चार जीव होते: डॉक्टर, कुत्रीची मालकीण, कुत्री आणि तिला धरून उभ्या असलेल्या मावशी. त्यांपैकी तिघांचे डोळे झाकलेले होते.

लेसरच्या यंत्रासोबत गडद काचांचे दोनच चष्मे आले होते. एक डॉक्टरांचा. दुसरा जनावराच्या धन्याला द्यायचा, कारण तो पाहुणा. जनावराच्या डोळ्यांवर दुहेरी टॉवेल. मावशींनी पहिल्याच आठवड्यात तिसरा चष्मा मागितला होता. "मागवू," डॉक्टर म्हणाले होते, "तोवर नजर फिरवत जा." त्याला सहा वर्षे झाली. पण नजर फिरवून जनावर धरता येत नाही. ते उसळणार हे आधी त्याच्या कानांवर उमटते, आणि कान पाहावे लागतात.

कुत्रीचा पुढचा पाय मुरगळून टम्म सुजला होता.

"घाबरू नका, बाई," मावशी मालकिणीला म्हणाल्या, "या उजेडानं सूज उतरते. माझेही गुडघे सुजलेत, पण मला शेपूट नाही ना, माझा नंबर लागत नाही."

मालकीण हसली. डॉक्टरही हसले.

यंत्राचा दांडा सुजेवरून फिरू लागला. दिसत होता तो फक्त लाल ठिपका. काम करणारा उजेड डोळ्यांना दिसतच नाही. ऊब लागताच कुत्रीने पाय ओढला, खालची चादर सरकली आणि झोत टेबलाच्या उघड्या स्टीलवर पडून वर मावशींच्या चेहऱ्याकडे उलटला. ते टेबल मावशी रोज असे घासत की त्यात चेहरा दिसावा. आयुष्यात त्यांनी तोरा मिरवला तो एवढ्याचाच.

काही दुखले नाही. संध्याकाळी मात्र डाव्या डोळ्याने पाहिले की लेकीचे कान दिसत, नाक दिसत नसे.

"पडद्यावर डाग पडलाय," डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले. "तो जाणार नाही."

"कुत्रीलासुद्धा टॉवेल मिळाला, आई," लेक म्हणाली. "तूच तेवढी उघडी."

"तिचा पाय सुजला होता गं."

मावशींनी दवाखान्यात सांगितले तेव्हा डॉक्टर बराच वेळ हात धूत राहिले. मग म्हणाले, "टेबल इतकं घासायला नको होतं, मावशी."

मावशींनी ते खरे मानले. नियम पाळणे ज्याच्या हाती असते, त्याला चूक दुसऱ्याच्या पदरात टाकणे सोपे जाते. आणि राबणारे माणूस पदर पसरून ती घेते. दुसऱ्या दिवसापासून त्या टेबल नुसते ओल्या फडक्याने पुसू लागल्या.

चौथ्या खेपेला कुत्रीची सूज उतरली. ती चारही पायांवर चालत आली. मावशींनी मान तिरकी करून आधी तिचे कान पाहिले.

तिसरा चष्मा आता खुंटीला लटकतो. टेबल घासण्यात चूक नव्हती, एवढे एक वाक्य डॉक्टरांकडून अजून येणे बाकी आहे.