पहिलं नाव कुणाचं

आमच्या संघटनेतल्या बाया तिला डॉक्टर म्हणतात आणि खोकल्याचं औषध विचारतात. ती समाजकार्यातली पीएचडी आहे, हे सांगून माझी जीभ झिजली. "एवढं शिकून खोकलापण जात नाही होय?" असं वरून ऐकवतात. तीही हसते.

दवाखान्यात फरशी पुसणाऱ्या ह्याच बायांवर तिनं प्रबंध लिहिला. अभ्यासाला आलेल्यांना मी दारातूनच वाटेला लावते. हिलाही लावलं होतं. दुसऱ्या दिवशी ही पुन्हा हजर, हातात बादली.

पुढे कॉलेजात पक्की जागा निघाली. त्यासाठी छापून आलेला शोधनिबंध हवा. तिनं लिहिला. तिच्या गाईड सरांनी वाचला आणि एवढंच म्हणाले, "पहिलं नाव माझं टाक. पद्धत आहे." निवड समितीवरही हेच सर.

तिचा भाऊ म्हणाला, "टाकून दे ना ताई. एका नावानं काय बिघडतं?"

माझं डोकंच फिरलं. "मग तुझ्या लग्नपत्रिकेत नवरदेव म्हणून सरांचंच नाव घालू का रे?"

ती मला घेऊन सरांच्या खोलीत गेली. दोन्ही खुर्च्यांवर प्रबंधांचे गठ्ठे, म्हणून उभ्याच राहिलो.

"ह्या कोण?"

"मी बाहेरची. चालू द्या तुमचं."

ती म्हणाली, "सर, नाव टाकते. पण कोणत्या लेखकानं काय काम केलं, तेही निबंधाखाली छापतात. तुमच्या नावापुढे काय लिहू?"

"मार्गदर्शन."

"तेवढ्यावर लेखक धरत नाहीत, फक्त आभार मानतात. मुलाखती मी घेतल्या, लिहिलं मी. तुम्ही दवाखान्यात कधी आला होतात, ते सांगा. घालते."

सरांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "जागेचा विचार कर."

"करूनच आलेय."

निबंध तिच्या एकटीच्या नावानं छापून आला. सर आभारात, शेवटच्या ओळीत. जागेच्या मुलाखतीला समोर तेच सर. विचारलं, "हे सगळं एकटीनं केलंत?"

"हो सर. तुम्हाला तर माहीतच आहे."

जागा दुसऱ्यालाच मिळाली. मिळू दे. आम्ही काही तोंड पाडून बसलो नाही. दुसरा निबंध ती आमच्या ऑफिसात बसून लिहितेय, टेबलाचा एक पाय डुगडुगतो तिथं. परवा एक बाई बादली ठेवून खेकसली, "डॉक्टर, ह्यावरपण नाव तुझंच ना?"

"माझंच."

"मग लिही. पाय मी धरते."