अभिप्रायाच्या वहीत आमचे अंगठे

कुणी काहीही म्हणो, त्या शेवटच्या पुस्तकाचा शेवट मला तेव्हा आवडला होता आणि आजही आवडतो. त्यावरून निपाणीत माझं अर्ध्या गल्लीशी वाजलं. वाचनालयातल्या मास्तरांशी तर चांगलंच वाजलं.

मी चौथीत शाळा सोडली. पुढचं वाचन पुडीच्या कागदांवर आणि भिंतींवर रंगवलेल्या सीमाप्रश्नाच्या घोषणांवर झालं. सत्तरच्या दशकातली ती शेवटची वर्षं. दुपारी आम्ही दहा-अकरा बायका एका ओसरीत मांडीवर सूप घेऊन विड्या वळायला बसायचो. वाचता येणारी मी एकटीच. म्हणून ठरलं होतं, मी वाचायचं, बाकीच्यांनी वळायचं, आणि उठताना प्रत्येकीनं आपल्यातल्या थोड्या विड्या माझ्या सुपात टाकायच्या. कारखान्यात माल तपासणारा विड्यांची वेगवेगळी वळणं बघून बुचकळ्यात पडायचा. "एका बाईच्या सुपात इतके हात कसे गं?" मी म्हणायची, "वारं बदलतंय तसा हात बदलतोय."

पुस्तकं होती लहान मुलांची, पाच भागांची. विहिरीच्या पायऱ्या उतरून खालच्या देशात जाणारी एक पोर, तिथला सावल्या चोरणारा राजा, आणि एक बोलणारं मुंगूस. बायकांना असली पुस्तकं कशाला, असं मला पुष्कळांनी विचारलं. मोठ्यांच्या कादंबऱ्यांत माणसं फार विचार करत बसतात हो. हात चालू असताना ते कानात शिरत नाही. मुंगूस बोललं की शिरतं.

शेवटच्या भागात ती पोर राजाला हरवते आणि ज्याची सावली त्याला देऊन टाकते. पण त्या देशाचं दार आतूनच लावता येतं, आणि ते लावलं नाही तर राजा पुन्हा वर येणार. मग ती आत राहते आणि दार लावून घेते. संपलं. मी पुस्तक मिटलं आणि ओसरीत एकच कालवा उठला.

"घरी आलीच न्हाय?" आक्का म्हणाली. आमच्यात वयानं सगळ्यांत मोठी ती. "पाच पुस्तकं ऐकली गं आमी! आणि आय तिची विहिरीवर बसलीया, तिचं काय?"

"न्हाय आली तर न्हाय," शेजारची तरणी सून म्हणाली. "येऊन काय करणार? भांडी?"

"हळू बोल, तुझी सासू हितंच बसलीया," तिसरी म्हणाली.

सगळ्या हसल्या. आक्का हसली नाही. तिची मुलगी लग्न होऊन लांब गेली होती, आणि तिचं पत्र येऊन लई दिवस झाले होते. सगळ्या गल्लीला ते माहीत होतं.

"उद्या परत वाच," ती मला म्हणाली, "आणि तिला वर आण."

"कशी आणू? पुस्तकात न्हाय ते."

"तुझं काय जातंय? आमाला कुठं वाचाय येतंय?"

"म्हणूनच न्हाय आणणार," मी म्हटलं. "एकदा तुमास्नी खोटं वाचलं, की मागची चार पुस्तकं बी खोटी झाली."

आक्का दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. विड्या मात्र सुपात टाकत होती, जरा जोरातच.

पुस्तक परत करायला गेले, तर वाचनालयाच्या टेबलावर अभिप्रायाची वही उघडी होती. एका शाळकरी पोरानं लिहिलं होतं, "शेवट भिकार." दुसऱ्यानं, "झकास, मुंगूस जगलं." एका वकिलांच्या घरच्या बाईंनी लिहिलं होतं, "मुलांच्या हाती देऊ नये. मुलगी आईला सोडून जाते." त्याखाली मास्तरांचं वळणदार अक्षर: "सहमत. प्रत कपाटात ठेवावी." कपाटात म्हणजे कुलपात.

मी हे ओसरीत सांगितलं. वाटलं, आक्काला बरं वाटेल. ती उसळलीच.

"मला न्हाय आवडलं, ते माझं मी बघंन. पण कुलपात घालणारा ह्यो कोण? आमचं कुठं लिवलंय त्यात?"

सुट्टीच्या दिवशी आम्ही सगळ्या वाचनालयात गेलो. मास्तर उठून उभे राहिले.

"बाई, ही वही वाचकांसाठी आहे."

"आमी वाचकच हाय की," आक्का म्हणाली.

"तुम्ही वाचलंत?"

"ऐकलंय. शब्द न् शब्द."

"ऐकणं वेगळं, वाचणं वेगळं."

"मास्तर," मी विचारलं, "तुम्ही वाचलंत का?"

ते चष्मा पुसायला लागले. "चाळलंय."

मी खुर्ची ओढली आणि लिहायला बसले. एकेक बाई सांगत गेली, मी उतरवत गेले. कुणाला शेवट पटला, कुणाला राजा मरायला हवा होता. एकीनं कन्नडात सांगितलं, "भाळ छलो ऐती," म्हणजे लई झ्याक आहे. तेही तसंच लिहिलं. पण लिहून भागेना. अंगठ्याशिवाय कुठलाही कागद खरा धरत नाहीत, हे रेशनपासून कारखान्यापर्यंत प्रत्येकीला पक्कं ठाऊक. टेबलावर शिक्क्याची शाई होतीच. बघता बघता पान अंगठ्यांनी भरलं.

"अहो, हे काय रेशनकार्ड आहे?" मास्तरांनी पान धरलं. "मी हे फाडणार."

"फाडा," मी म्हटलं. "वही मधोमध टाचलेली आहे, आणि ही बरोबर मधलीच पानं आहेत. हे पान ओढलं की समोरचं जोडपान सुटंल. त्यावर तुमचं 'सहमत' आहे, आणि वकिलीणबाईंचं बी."

त्यांनी पान सोडलं. कपाटाकडे पाहिलं, आमच्या काळ्या अंगठ्यांकडे पाहिलं, आणि पुस्तक टेबलावर आणून ठेवलं.

"थांब," आक्का म्हणाली. "मी सांगितलं तेच लिवलंस का? वाच बघू."

भिंतीवर पाटी होती, मोठ्याने वाचू नये. मी उभी राहिले आणि वाचलं: "शेवट मला पटला न्हाय. दार लावायचं तर लाव, पण आधी आयला निरोप धाडाया पायजे हुता."

माझ्या मताच्या अगदी उलट मत ते. ते मी सगळ्यांत मोठ्यानं वाचलं.