काकांच्या काळ्या द्राक्षाच्या उलट्या काड्या

पोरांनो, आज माझी मस्करी माझ्याच अंगाशी आली.

भिंगारात शिमोनकाकांच्या दारात काळ्या द्राक्षाचा जुना वेल हुता. चर्चमधल्या प्रभुभोजनाचा द्राक्षारस त्याचाच. तसला वेल आता कुठंच उरला न्हाई. तोबी वाळला, पन त्याआधी काकांनी नवा वेल धरावा म्हनून त्याच्या सहा काड्या डब्यात लावल्या. मी गंमत म्हनून सगळ्या उपटून उलट्या खोचल्या.

आज काकांनी एक उपटली. खालचं टोक वळखायला तिरपं कापत्यात, तेच वर निघालं. काड्या सगळ्या कुजल्या.

"डोळे गेले रे माझे. उलट्या लावल्या मी," काका म्हनले. छाटायचा चाकू माझ्या हातात दिला. "तू ठेव. तुला दिसतंय."

मी तो खिशात घातला.

कुनाकडं त्या वेलाची एखादी काडी हाय का? आन् नसंल, तर काकांना सांगू कसं?