मॉनिटरवरचा लाल रुमाल

क्राइम रिपोर्टरकडे किस्से आपोआप साठतात, ते गुंडांचे आणि पोलिसांचे, असं लोकांना वाटतं. साफ चूक! माझ्याकडे साठलेत ते आमच्या पेपरच्या अंधेरीच्या ऑफिसातले. आणि गुंडांना घाबरलो नसेन एवढा मी तिथे घाबरलोय.

*

सुरुवात माझ्यापासूनच. चहाला पोरं एका व्हिडिओ गेमबद्दल कुजबुजत होती. मी ते ऐकलं आणि डेस्कवर येऊन मोठ्याने विचारलं, "काय रे, त्यातला म्हातारा शेवटी मरतो म्हणे?"

डेस्कवरचा सावंत उभा राहिला. मूळचा मालवणचा, माझा वीस वर्षांपासूनचा दोस्त, या वयात गेमचं वेड.

"मेल्या, चाळीस तास खेळलोय मी!"

आठवडाभर बोलला नाही. दोन ठिकाणांहून खात्री करून सगळ्यांच्या आधी बातमी देणं हा माझा धंदा. इथे तोच गुन्हा!

*

मग नियम झाला. ज्याचा गेम संपायचाय, त्याने आपल्या मॉनिटरवर लाल रुमाल टाकायचा. रुमाल आहे तोवर त्याच्यासमोर शेवटाबद्दल चकार शब्द नाही. नवा गेम आला की अख्खं ऑफिस लाल!

एकदा मी धावत आलो, "अरे, तो मुलुंडचा बिल्डर शेवटी..."

पाच जणांनी कान झाकले.

"बातमी आहे रे, बातमी!" मी ओरडलो. एकही हात खाली येईना.

*

फीचर्सच्या परबने एका गेमच्या परीक्षणात शेवट छापून टाकला. घाटकोपरहून एका वाचकाचा फोन आला, "ऑफिस किती वाजता सुटतं?" बस, एवढंच.

परब आठवडाभर मागच्या गेटने घरी गेला. गँगवाल्यांच्या धमक्या आल्या तेव्हाही मी गेट बदललं नव्हतं. त्या आठवड्यात मात्र मीही मागूनच गेलो. परबच्या शेजारी बसतो ना मी!

*

पुढचा गेम तळघरात अडकलेल्या एका मुलीचा. बोरिवलीच्या नेहाने तो रजा टाकून संपवला. सोमवारी आली, रुमाल काढला, आणि आपलं अर्धं सँडविच सावंतसमोर ठेवलं. त्याचा रुमाल अजून होता.

सावंतला घाम फुटला. "असं का करतेयस गं? वाईट शेवट आहे ना?"

"भूक नाही, सर."

"खोटं बोलू नको!"

*

त्याच गेमचा शेवटचा भाग राहिला असताना सावंतची बायपास ठरली. आत नेताना त्याने माझं मनगट पकडलं. हात थंडगार.

"माझा रुमाल कोणाला काढू देऊ नको. येऊन संपवणार आहे मी."

"काढतंय कोण! तू ये," मी म्हणालो.

बाहेर बाकावर सावंतवहिनी आणि मी. डॉक्टर चार तास म्हणाले होते, सहावा लागला. दार उघडलं की आम्ही दोघं उठायचो. नर्स भलत्याच कोणाचं नाव घ्यायची.

वहिनींना या गेमचा नेहमी रागच. पण अचानक माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भावोजी, ह्यांच्या गेममधली ती मुलगी... वाचते का हो?"

"वाचते, वहिनी," मी म्हणालो.

तो गेम मी आजवर उघडलेलासुद्धा नाही.